सामान्याचे असामान्यत्व : अद्भुतकथेतील ओळखीचा क्षण

प्रास्ताविक

अद्भुतकथांच्या विस्तीर्ण विश्वात एक कथाबंध पुन्हापुन्हा भेटतो. कोणाच्या खिजगणतीत नसलेला एक साधा माणूस असतो. एके दिवशी त्याला स्वतःविषयी, किंवा इतरांना त्याच्याविषयी, असे काही कळते की त्यानंतर त्याला कोणी सामान्य म्हणू शकत नाही. जिन्याखालच्या कोंदट जागेत झोपणाऱ्या पोरक्या मुलाला अकराव्या वाढदिवशी आपण जादूगार असल्याचे समजते. गुरे राखणारा एक पोर मातीच्या उंचवट्यावर बसतो आणि भल्याभल्यांना न सुटलेला तंटा सोडवतो. एका म्हातारीच्या हातून देवळाचा गाभारा भरतो, आणि तेच काम करताना राजाची सत्ता मात्र अपुरी पडलेली असते.

अशा कथांना मुलांच्या करमणुकीत जमा करून पुढे जाण्याची सवय आपल्या समीक्षेला बराच काळ होती. ही सवय सोडलेली बरी. माणसाचे मोठेपण येते कोठून, या प्रश्नाला प्रत्येक समाज आपापल्या परीने उत्तर देत असतो, आणि ते उत्तर जितक्या उघडपणे अद्भुतकथेत सापडते तितके क्वचितच इतरत्र सापडते. या घटकात आपण याच प्रश्नाच्या आधारे काही कथा वाचणार आहोत.

अद्भुत आणि अभिज्ञान

प्रथम दोन संज्ञा समजून घेऊ. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील आठ रसांपैकी अद्भुत हा एक रस असून विस्मय हा त्याचा स्थायी भाव आहे. अद्भुतकथेचा विचार करताना ‘अशक्य घटना घडते ती अद्भुतकथा’ अशी व्याख्या अनेक विद्यार्थी लिहितात. ती अपुरी आहे. घटना अशक्य असूनही विस्मय निर्माण झाला नाही, तर रस सिद्ध होत नाही. त्स्वेतान तोदोरोव्ह या अभ्यासकाने १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वाचकाच्या मनातील दोलायमानतेवर भर दिला. समोर घडते आहे ते निसर्गनियमांत बसणारे की त्यापलीकडचे, याचा निर्णय होत नाही तोवरचा काळ हाच त्याच्या मते या साहित्याचा प्राण होय. मराठीत ‘फँटसी’ या अर्थी ‘अद्भुतिका’ ही संज्ञा रुळली आहे. तिच्या अभ्यासात या दोन्ही दृष्टी उपयोगी पडतात.

दुसरी संज्ञा अभिज्ञान, म्हणजेच ओळख पटणे. अॅरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या कथानकाचे विवेचन करताना अज्ञानाकडून ज्ञानाकडे होणाऱ्या या संक्रमणाला महत्त्वाचे स्थान दिले. आपल्याकडे कालिदासाच्या नाटकाच्या नावातच हा शब्द आहे. तेथे अंगठी सापडते आणि दुष्यंताला शकुंतला आठवते. पुढे सिंहाच्या छाव्याशी खेळणारा मुलगा आपलाच आहे हे त्याला कळते. मात्र तेथे ओळख पटते ती दुसऱ्याची. आपल्या कथाबंधात बहुधा माणसाला स्वतःची ओळख पटते, आणि या प्रकारालाही भारतीय परंपरेत जुना आधार आहे. शंकराचार्यांनी बृहदारण्यकोपनिषदावरील भाष्यात एका राजपुत्राचा दृष्टांत दिला आहे. तो व्याधांच्या घरी वाढतो, स्वतःला व्याध समजतो, आणि तू राजपुत्र आहेस असे कोणी सांगताच त्याचा भ्रम दूर होतो. आचार्यांना या दृष्टांतातून प्रत्येक जीवाचे ब्रह्मत्व सांगावयाचे आहे. अर्थ असा की प्रत्येकच जण राजपुत्र आहे. परंतु कथा म्हणून हा दृष्टांत ऐकणाऱ्याच्या मनात वेगळेच काही राहून जाते: व्याधाचे घर खोटे आणि राजवाडा खरा. तत्त्वज्ञान सर्वांना समान लेखते. त्यासाठी निवडलेली गोष्ट मात्र उच्चनीचतेवर उभी असते. दृष्टांत आणि सिद्धान्त यांच्यातील हे अंतर ध्यानात ठेवा. पुढे ते उपयोगी पडेल.

जागेचा गुण : सिंहासनबत्तिशी

संस्कृतातील ‘सिंहासनद्वात्रिंशिका’ मराठीत सिंहासनबत्तिशी म्हणून परिचित आहे. श्रीरामपूरच्या छापखान्यात १८१४ साली तिची मराठी आवृत्ती छापली गेली, म्हणजे मराठी मुद्रित गद्याच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत तिची गणना होते. बत्तीस पुतळ्यांच्या बत्तीस गोष्टी बहुतेकांना ठाऊक असतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्या गोष्टींना वेढणारी चौकटीची कथा अधिक मोलाची आहे.

तिची दोन रूपे प्रचलित आहेत. एका रूपात शेताचा मालक माळ्यावर चढला की उदार होतो; वाटेने जाणाऱ्या राजाच्या लोकांना कणसे खाण्यास बोलावतो. खाली उतरला की तोच मनुष्य आपले पीक लुटले म्हणून आरडाओरडा करतो. दुसऱ्या रूपात गुराख्यांची पोरे खेळत असतात. उंचवट्यावर बसणारा पोर न्यायाधीश होतो आणि त्याचे निवाडे इतके अचूक ठरतात की त्यांची कीर्ती भोजराजापर्यंत पोहोचते. राजा तेथे खणावयास लावतो. जमिनीतून विक्रमादित्याचे सिंहासन निघते.

येथवर कथा सरळ आहे. तिचा खरा भेद पुढे आहे. भोजराजा त्या सिंहासनावर बसू पाहतो तेव्हा एकेक पुतळी त्याला अडवते, विक्रमाच्या औदार्याची गोष्ट सांगते आणि असे औदार्य तुझ्या ठायी आहे काय, असे विचारते. ज्या जागेवर अनवाणी पोर बिनदिक्कत बसत होता तेथे राजाला बत्तीस वेळा थांबावे लागते. पोराला सिंहासनाची जाणीवही नव्हती. राजाला जाणीव होती, लोभही होता, आणि म्हणूनच तो परीक्षेस पात्र झाला.

या कथेत असामान्यत्व रक्तात नाही, ते स्थानात आहे. स्थानावरून उतरताच ते संपते. माळ्यावरून खाली आलेला शेतकरी पुन्हा पूर्वीसारखा कद्रू होतो. ज्याने कधी एखाद्या अधिकाराच्या खुर्चीवर बसलेला मनुष्य आधी आणि नंतर पाहिला असेल, त्याला ही निरीक्षणशक्ती किती पक्की आहे हे सांगावे लागणार नाही. पण कथेची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. सिंहासन निघाल्यावर त्या गुराख्याचे काय झाले, हे कथा सांगत नाही. तो खुणेच्या दगडासारखा वापरला जातो आणि बाजूला पडतो. उत्खननानंतर कथा राजाची होते.

कृतीचा गुण : खुलभर दुधाची कहाणी

चातुर्मासातील कहाण्या, विशेषतः श्रावणातील, महाराष्ट्रातील घराघरांत बायकांनी वाचल्या आणि ऐकल्या. त्यांतील सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपल्या कथाबंधाचा मराठीतील सर्वांत सुंदर नमुना आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. खुलभर म्हणजे अगदी थोडे, लहानशा भांड्यात मावेल इतके.

आटपाट नगराच्या राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरावयाचा असतो. तो दवंडी पिटवतो की सोमवारी सर्वांनी घरातील सगळे दूध देवळात आणावे. धाकाने लोक वासरांना, मुलांना काही न ठेवता दूध आणून ओततात. गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिने घरचे काम उरकलेले असते, मुलाबाळांना जेवू घातलेले असते, सुनानातवंडांना आणि वासरांना दूध दिलेले असते. उरलेले खुलभर दूध ती पिंडीवर ओतते आणि गाभारा भरतो. पुढच्या सोमवारीही तसेच होते. अखेर राजा स्वतः पाळतीवर बसतो आणि म्हातारीला पकडतो. ती घाबरते. अभय मिळाल्यावर ती कारण सांगते: तुझ्या आज्ञेने वासरांचे, मुलांचे आत्मे तळमळले, देवाला ते आवडले नाही. राजा आज्ञा मागे घेतो आणि त्यानंतर गाभारा भरतो.

अद्भुत घटना एकच, आणि ती एका वाक्यात उरकलेली. कहाणीचा सारा भर म्हातारीच्या दिनक्रमावर आहे. या कथेवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे: स्त्रीने आधी घरचे सगळे करावे आणि मग देवाकडे जावे, असा उपदेश येथे दिला जात नाही काय? कहाणी व्रताच्या संदर्भात सांगितली जाते. तेव्हा हा अर्थ अनेक घरांत घेतला गेला असणार. तथापि संहिता बारकाईने वाचली तर तिचा रोख राजाज्ञेवर आहे. म्हातारीला जे ठाऊक आहे ते नगरात कोणीच बोलून दाखवलेले नाही. बळजबरीने गोळा केलेले दूध कितीही असले तरी त्याने काही भरत नाही, हे तिचे ज्ञान राज्यकारभाराविषयीचे आहे, आणि ते तिला स्वयंपाकघरात व गोठ्यात मिळालेले आहे.

आणखी दोन गोष्टी पाहा. म्हातारीला नाव नाही. आणि आपण असामान्य आहोत हे तिला कधी कळतच नाही. कळते ते राजाला. ओळखीचा क्षण येथे पाळतीच्या आणि भीतीच्या रूपाने येतो. सामान्य माणसाची असामान्यता सत्तेच्या दृष्टीस पडते तेव्हा तिचा पहिला आविष्कार बहुधा चौकशीचा असतो, हे कहाणी रचणाऱ्या अनाम बायकांना नेमके माहीत होते. कथा संपते तेव्हा म्हातारी म्हातारीच राहते. तिला राज्य मिळत नाही, तारुण्य मिळत नाही. बदलतो तो कायदा.

जन्माचा गुण : कर्ण आणि त्यानंतर

आता या कथाबंधाचे सर्वाधिक लोकप्रिय रूप पाहू. येथे असामान्यत्व जन्मतःच असते आणि केवळ झाकलेले असते. १९०९ साली ऑटो रँक यांनी वीरपुरुषांच्या जन्मकथांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उच्च कुळात जन्म, पाण्यात सोडले जाणे, गरिबाघरी वाढणे आणि पुढे खरी ओळख पटणे, हा क्रम अनेक संस्कृतींत आढळतो असे त्यांनी दाखवले. त्यांच्या उदाहरणांत कर्णही आहे. याच सुमारास सिग्मंड फ्रॉइड यांनी, आपले खरे आईवडील कोणी थोर असावेत असे मुलांना वाटत असते, या कल्पनेचे विवेचन केले.

परंतु महाभारतातील कर्ण या साच्यात बसूनही त्याला उलटा करतो. उद्योगपर्वात श्रीकृष्ण त्याला त्याचा जन्म सांगतो, ज्येष्ठ पांडव म्हणून राज्य देऊ करतो. कर्ण नाकारतो. अधिरथ आणि राधा यांनी वाढवले, त्यांनी संस्कार केले, तेच माझे आईबाप, ही त्याची भूमिका. हे युधिष्ठिराला सांगू नकोस, असेही तो कृष्णाला विनवतो. ज्या क्षणी अद्भुतकथेचा नायक सुखाच्या शिखरावर पोहोचावयाचा, त्याच क्षणी कर्ण मोठेपणाचा तो स्रोत मान्य करीत नाही. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ला (१९६७) आणि रणजित देसाई यांच्या ‘राधेय’ला (१९७३) मराठी वाचकाने जे प्रेम दिले त्याचे एक कारण येथे शोधता येईल. ‘राधेय’ हे शीर्षकच पाहा. जन्मदात्या कुंतीच्या नावाऐवजी वाढवणाऱ्या राधेचे नाव त्याने धारण केले आहे.

झाकलेल्या जन्माची आणखी एक मराठी कथा या संदर्भात वाचलीच पाहिजे. ती अद्भुतकथा नव्हे. पण अद्भुतकथेचा साचा किती एकांगी आहे ते तिच्यामुळे कळते. बाबूराव बागूल यांच्या १९६३ मधील संग्रहाची शीर्षककथा ‘जेव्हा मी जात चोरली होती’. तिचा नायक रेल्वेतील नोकरीच्या ठिकाणी आपली जात दडवतो. तो बुद्धिमान आहे, बोलणे प्रभावी आहे, सहकारी त्याला मान देतात. मग ओळख पटते, आणि त्याला मार खावा लागतो. रँक यांच्या क्रमातील प्रत्येक पायरी येथे आहे: दडलेला जन्म, परके ठिकाण, गुणांचा प्रत्यय, ओळखीचा क्षण. परिणाम तेवढा विरुद्ध. जन्मरहस्य उघड होणे हे राजपुत्रासाठी वरदान असते. ज्याचा जन्म समाजाने हीन ठरवला आहे त्याच्यासाठी तोच क्षण जीवघेणा ठरतो. ‘तू मुळात कोणीतरी वेगळा आहेस’ हे वाक्य आनंदाने ऐकू शकणारा श्रोता कोण, हा प्रश्न बागुलांच्या कथेनंतर टाळता येत नाही.

ब्रिटिश लेखिका जे. के. रोलिंग यांच्या १९९७ पासून प्रसिद्ध झालेल्या हॅरी पॉटर मालेकडे या प्रकाशात पाहता येते. हॅरी जन्मानेच जादूगार आहे, म्हणून ती माला जन्मकथेच्या परंपरेतली. पण तिची सर्वांत हुशार विद्यार्थिनी हर्मायनी जादू न जाणणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेली आहे आणि खलपक्ष शुद्ध रक्ताचा अभिमान मिरवणारा आहे. लेखिकेला साच्यातील अडचण जाणवली होती, हे उघड आहे. मराठी अनुवादात पहिल्या भागाच्या शीर्षकात ‘परीस’ हा शब्द आला. परिसाच्या स्पर्शाने लोखंडाचे सोने होते, ते मुळात सोने नसते. संतांच्या वाणीतून आपल्याला परिचित झालेला हा शब्द दडलेले उघड होण्यापेक्षा नवे घडण्याकडे झुकतो. अनुवादकाने हे योजून केले असेल असे नाही. भाषा कधीकधी आपला विचार आपणच मांडते.

आधुनिक मराठीतील स्थिती

मराठी कादंबरीच्या आरंभकाळात, लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (१८६१), अद्भुतरम्यतेला बहर आला. मात्र त्या कादंबऱ्यांतील पात्रे बहुधा मुळातच कुलीन आणि सद्गुणांची पुतळी होती. सामान्याला तेथे प्रवेश नव्हता. हरिभाऊ आपटे यांनी सामान्य मध्यमवर्गीय घर कादंबरीत आणले, तेव्हा अद्भुत बाहेर गेले. सामान्य आणि अद्भुत यांची गाठ लिखित साहित्यात दीर्घकाळ पडली नाही. ती कहाण्यांतच टिकून राहिली. नारायण धारपांच्या समर्थकथांत साधी माणसे अतिमानवी संकटात सापडतात, पण त्यांना सोडवणारे समर्थ वेगळे असतात. जयंत नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत क्रिकेट खेळणाऱ्या माणसाचे डावे-उजवे उलट होते आणि त्यातून त्याला विलक्षण कौशल्य लाभते. येथे वरदानाची जागा विज्ञानाने घेतली. (नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून घेतलेले हे सामान्य नाव पहिल्या पारितोषिकाचे मानकरी ठरले. आपल्या कथाबंधाचाच हा गमतीदार व्यत्यास म्हणावा.)

एक स्थळ : मरोळ

अद्भुतिकेला ओळखीची भूमी लागते. आटपाट नगर कोठेही असू शकते, परंतु आजच्या लेखकाला पत्ता द्यावा लागतो. उदाहरणादाखल अंधेरी पूर्वेकडील मरोळ घेऊ. हे पुस्तक वाचणाऱ्यांपैकी काहींचा कामाचा रस्ता तेथूनच जात असेल. मरोळ नाक्यावर आज दोन मेट्रो मार्ग मिळतात, पहिला २०१४ पासून आणि दुसरा २०२४ पासून. औद्योगिक वसाहत, गावठाण, पोलीस प्रशिक्षण केंद्र, सुक्या मासळीचा बाजार अशी ही सर्वस्वी रोजच्या व्यवहाराची जागा. परंतु जवळच महाकाली लेणी, म्हणजे कोंदिवट्याची बौद्ध लेणी आहेत. शेजारच्या सीप्झ वसाहतीच्या आवारात १५७९ मध्ये, पोर्तुगीज अमलात, बांधलेल्या चर्चचे भग्न अवशेष उभे आहेत. १८४० च्या सुमारास साथीमुळे ते ओस पडले आणि तेथील भाविक मरोळला आले. आरेच्या पाड्यांवर वाघदेवाची पूजा होते. फाटकावर ओळखपत्र दाखवून पाळीला जाणारा कामगार ज्या जमिनीवरून चालतो ती सिंहासनबत्तिशीतल्या शेतासारखीच थरांची आहे.

समजा, अशा एका कामगारावर अद्भुतिका लिहावयाची आहे. त्याचे असामान्यत्व लेखक कोठे ठेवील? जन्मात ठेवावयाचे तर ज्या शहरात नावानंतर लगेच आडनाव विचारले जाते तेथे जन्मरहस्याचे काय होईल, याचा विचार त्याला करावा लागेल. जागेत ठेवावयाचे तर पाळी संपल्यावर, फाटकाबाहेर, त्या माणसाजवळ काय उरते हे सांगावे लागेल. कृतीत ठेवावयाचे तर सर्वांत कठीण, कारण मग चमत्कार एका वाक्यात उरकून त्याचा दिवस कसा गेला हेच तपशिलाने लिहावे लागेल.

स्वयं-अध्ययनासाठी

१. आपल्या घरी किंवा गावात ऐकलेली एखादी कहाणी अथवा लोककथा आठवा. तिच्यातील सामान्य व्यक्तीची ओळख कोणाला पटते, तिला स्वतःला की इतरांना? त्याने कथेच्या अर्थात कोणता फरक पडतो, ते दीडशे शब्दांत लिहा.

२. सिंहासनबत्तिशीच्या चौकटीची कथा गुराख्याच्या मुखातून, सिंहासन खणून नेल्यानंतरच्या दिवसापासून, पुन्हा सांगा.

३. कर्णाने श्रीकृष्णाला दिलेला नकार आणि बागुलांच्या नायकाने बाळगलेले मौन यांची तुलना करा. दोघांपैकी कोणाला निवडीचे स्वातंत्र्य होते?

४. आपण रोज ज्या रस्त्याने कामावर जाता त्या रस्त्यावरील एक जुनी वास्तू, झाड किंवा देवस्थान निवडून त्याची माहिती तेथील वृद्ध रहिवाशांकडून घ्या. तिच्या आधारे एका अद्भुतिकेचा आराखडा तयार करा. मात्र नायक राजवंशातील नसावा.